गावकीने एक घर वाळीत टाकले आहे. पोलीस पाटलाने अहवालात काय लिहावे?

प्रश्न : खाडीकाठची पोलीस पाटील

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावाची पोलीस पाटील आहे. महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर माझी नेमणूक झाली, त्याला आता तिसरे वर्ष चालू आहे. गावाच्या सात वाड्या आहेत, पोलीस ठाणे 26 किलोमीटरवर आहे आणि आमचे बीट हवालदार महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येतात. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

आमच्याकडे देवळाकडे जाणारी पायवाट रुंद करून टेम्पो थेट सहाणेपर्यंत (पालखी बसवतात त्या चौथऱ्यापर्यंत) नेण्याचे गावकीने ठरवले. त्यासाठी एका घराची आंब्याची चार धरती कलमे तोडावी लागणार होती. त्या घराने नकार दिला, पुढे न्यायालयातून मनाई हुकूमही आणला. दिवाळीनंतर मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या ग्रामस्थ मंडळाची तिथे सभा झाली, आणि शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात न थांबता पुढे गेली. तेव्हापासून त्या घराशी गावाचा व्यवहार बंद आहे. कोणी उघड काही बोलत नाही आणि कोणताही ठराव मी लिहिलेला पाहिलेला नाही. मानकऱ्यांना विचारले, तर "आम्ही कुनाला वाळीत टाकलेला नाय, आम्ही फक्त बोलत नाय," एवढेच उत्तर मिळते.

मागच्या महिन्यातील एक प्रसंग सांगते. त्या घरातील बाई तांदळाचे दळण घेऊन गिरणीवर आल्या, तेव्हा मी तिथेच होते. गिरणवाल्याने पट्टा तुटल्याचे सांगितले. पट्टा जागेवर होता आणि तो आम्हा तिघांनाही दिसत होता. त्या काही न बोलता परत गेल्या. त्या पाणंदीच्या वळणापर्यंत पोहोचल्या असतील-नसतील, तोच गिरण सुरू झाली. त्या रात्री दहाच्या सुमारास त्या मागच्या दाराने माझ्याकडे आल्या. त्यांना तक्रार करायची नव्हती. त्यांनी विचारले, "वैनी, तुमच्या दळणात आमचंय टाकाल काय?" मी हो म्हटले, आणि तेव्हापासून त्यांचे दळण माझ्या डब्यातून जाते. याचा अर्थ गावाची बंदी मी स्वतः मोडली आहे, आणि ती बंदी आहे ही गोष्ट मी ठाण्यापासून लपवली आहे. मासिक अहवालात मी आजवर "गावात शांतता आहे" असेच लिहीत आले आहे.

माझ्या सासरची भावकी मानकऱ्यांपैकी आहे. मी काही लिहिले, तर ते चार दिवसांत गावात कळेल आणि पुढच्या शिमग्यात पालखी कोणाच्या अंगणात थांबणार नाही, हे मला आत्ताच सांगता येते. त्या घराने लेखी तक्रार दिली नसतानाही पोलीस काही करू शकतात का? आणि ज्यांनी असे प्रसंग जवळून पाहिले आहेत, त्यांनी ते कसे हाताळले?

उत्तर : निवृत्त सहायक फौजदार

ताई, मी दोन सागरी पोलीस ठाण्यांत मिळून अकरा वर्षे बीट अंमलदार होतो. आपल्या प्रश्नाला मी पोलिसांच्या बाजूने उत्तर देतो आणि त्यात आमचे दोषही सांगतो.

चोरी, मारामारी, अपघात यांत पोलिसाला पंचनामा करायला काहीतरी मिळते. वाळीत टाकण्यात जे घडत नाही, तोच गुन्हा असतो. रिक्षा थांबली नाही, लावणीला माणूस आले नाही, हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही, गुरवाने त्यांच्यासाठी देवापुढे गाऱ्हाणे घातले नाही. यांतील कोणती गोष्ट जप्त करून मोहोरबंद करणार? ठाणे अंमलदारासमोर असा माणूस येतो, तेव्हा त्याची हकीकत ऐकून अदखलपात्र नोंद घ्यायची आणि "कोर्टात दाद मागा" असा शेरा मारून कागद त्याच्या हातात द्यायचा, ही सवय अंगवळणी पडलेली आहे. मीही तसे केले आहे.

त्याचा परिणाम मला वर्षभराने दिसला. ज्याची नोंद मी तशी घेतली होती, त्याची आई वारली. जुलै महिना होता आणि पाऊस थांबत नव्हता. ठाण्यात फोन आला की लाकडे द्यायला कोणी तयार नाही आणि तिरडीला माणसे नाहीत. साहेबांनी मला आणि एका शिपायाला पाठवले. लाकडे शेजारच्या गावच्या वखारीतून आणली, दोन नातेवाईक संगमेश्वरकडून आले होते, आणि उरलेला खांदा आम्ही दोघांनी दिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे बंद होती, पण खिडक्यांच्या फटींतून माणसे बघत होती. त्या बघणाऱ्यांत त्या गावचे पोलीस पाटीलही होते. त्यांचाही अहवाल त्या महिन्यात आपल्यासारखाच होता.

आता आमची अडचण सांगतो. बीटचा एक हवालदार आणि त्याच्याकडे वीसच्या वर गावे. गणपतीत पंधरा दिवस महामार्गावर उभे राहायचे, शिमग्यात पालख्यांचा बंदोबस्त, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, किनारा सुरक्षेचा 'सागर कवच' सराव. उरलेल्या दिवसांत समन्स आणि वॉरंट. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना याशिवाय आणखी एक गोष्ट आडवी येते, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. 1993 च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला स्फोटके उतरली, आणि 2008 मध्ये हल्लेखोर समुद्रमार्गेच मुंबईत शिरले. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक ठाण्याला गावाच्या डोळ्यांची गरज असते. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरजवळ तीन एके-47 रायफली असलेली बेवारस नौका लागली होती. ती पुढे वाहत आलेली परदेशी नौका निघाली, पण असे काही किनाऱ्याला लागले की ठाण्याला गावाच्या फोनवर अवलंबून राहावे लागते. किनाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिकांच्या सागर रक्षक दलात जी माणसे असतात, ज्यांच्या होड्या असतात, तीच बहुधा गावकीतील वजनदार माणसे असतात. त्यांच्यावर गुन्हा दाखल केला, तर उद्या समुद्राची खबर कोण देणार, हा विचार ठाणेप्रमुखाच्या मनात येतो. तो कागदावर कधीच येत नाही, परंतु त्यामुळे कितीतरी कागद पुढे सरकत नाहीत.

यातून वाट काढायची असेल, तर माझ्या अनुभवात दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली अशी की, गाडी घेऊन वाडीत जाऊन सगळ्यांना ठाण्यात बोलावू नये. तसे केले, की सात वाड्या एक होतात आणि ते घर आणखी एकटे पडते. मी बाजाराच्या दिवशी, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून, एकेका मानकऱ्याला भेटत असे आणि प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी स्टेशन डायरीत करत असे. आपले नाव डायरीत आले आहे, हे कळल्यावर माणूस एकटेपणी वेगळे बोलतो. दुसरी गोष्ट शिमग्याची. गावाला वर्षात एकदाच पोलिसांची खरी गरज लागते, ती पालखीला. मानपानाचा वाद असेल तर जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश काढते, देवळाला कुलूप लागू शकते, आणि हे कोकणातील प्रत्येक मानकऱ्याला ठाऊक असते. म्हणून शिमग्यापूर्वी तहसीलदारांकडे जी बैठक होते, तिथे हा विषय निघाला पाहिजे. तो तिथे निघण्यासाठी आपल्या अहवालात तो आधी असायला हवा.

तंटामुक्तीबद्दलही एक वाक्य लिहितो. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि तिने बांधावरची पुष्कळ भांडणे खरोखर मिटवली. पण बक्षिसासाठी तंटे कमी दिसले पाहिजेत, आणि वाळीत टाकलेल्या घराचा तंटा मुळात कोणत्याच वहीत नसल्यामुळे ते गाव तंटामुक्त म्हणून सहज मिरवू शकते.

उत्तर : तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारा

वरील उत्तरातील 'अदखलपात्र नोंद' हा मुद्दा आधी दुरुस्त करतो, कारण सगळी गाडी तिथेच अडते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारासाठी स्वतंत्र कायदा आहे. तो 2016 चा असून जुलै 2017 पासून लागू आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. त्यातील गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र असल्यामुळे पोलिसांना त्या घराच्या तक्रारीसाठी थांबण्याचे कारण नाही. माहिती कोणाकडूनही मिळाली, तरी त्यांना हालचाल करता येते. त्या घरातील कोणीही सदस्य पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकतो. बहिष्कारासाठी सभा भरणार असल्याची कुणकुण लागली, तर जिल्हाधिकारी तीच रोखू शकतात.

मात्र गुन्हा जामीनपात्र आहे. सकाळी अटक झालेला मानकरी संध्याकाळी घरी येतो, त्याच्या स्वागताला वाडी जमते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घराचे हाल दुप्पट होतात. त्यामुळे मी अशिलांना प्रथम प्रतिबंधक मार्ग सुचवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेऊ शकतात (जुन्या संहितेतील हे 107 वे कलम), आणि कलम 168 खाली पोलीस आधीच नोटीस देऊ शकतात.

पुराव्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. "आम्ही फक्त बोलत नाही" हा बचाव गावकीला कोणा वकिलाने शिकवावा लागत नाही. शेजाऱ्याशी न बोलणे हा गुन्हा नाही, हे खरेच आहे. सगळ्यांनी मिळून, ठरवून न बोलणे हा गुन्हा आहे, आणि ते ठरवणेच सिद्ध करावे लागते. मंडळाची सभा मुंबईत झाली असेल, तर सभेची नोटीस, मोबाईलवरील समूहातील संदेश, 'बोलल्यास इतका दंड' असे सांगितल्याची ध्वनिफीत, देवाच्या नावाने घेतलेल्या दंडाची पावती यांतील एखादी तरी वस्तू कुठेतरी असतेच. गिरणवाल्याला आरोपी करण्याची घाई करू नये. त्याला पट्टा तुटल्याचे सांगायला कोणी लावले, हे तो साक्षीदार म्हणूनच सांगू शकेल. पंच मात्र गावातील घेऊ नयेत. तालुक्यातील सरकारी कर्मचारी घ्यावेत, नाहीतर खटला उभा राहीपर्यंत ते फितूर होतात.

आणखी एक खाचखळगा आहे. या कायद्यातील 'समाज' धर्म, पंथ, जात, पोटजात यांच्याशी जोडलेला आहे. आपल्याकडील गावकीत मात्र अनेकदा दोन-तीन समाज एकत्र असतात. अशा वेळी "हा रस्त्याचा वाद आहे, जातपंचायतीचा नाही" असा युक्तिवाद होतो. म्हणून पालखी न थांबणे, गाऱ्हाणे न घालणे, धार्मिक विधीत वा अंत्यविधीत अडथळा येणे, या गोष्टी माहितीत पहिल्या ओळीत याव्यात. 1949 चा मुंबई इलाख्यातील बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या प्रकरणात धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला होता. तो इतिहास माहीत असलेले वकील त्या बाजूनेही बोलतील.

सभा मुंबईत आणि त्रास गावात, त्यामुळे हद्द कोणाची असा प्रश्न ठाण्यात विचारला जाईल. संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीच्या कारणावरून माहिती नाकारता येत नाही. ती नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवली जाते.

आपल्या नावाविषयी म्हणाल, तर गुन्ह्याची माहिती कोणाकडून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर न्यायालयातही करता येत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 131). अर्थात गावात नाव कागदावरून फुटत नाही, ते चहाच्या टपरीवरून फुटते, आणि त्यावर माझ्याकडे कलम नाही.

प्रश्नकर्तीकडून

आपण दोघांनी इतक्या सविस्तरपणे लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मुंबईच्या सभेची ध्वनिफीत असल्याचे मी ऐकले आहे, पण ती ज्याच्याकडे आहे तो माझाच चुलत दीर आहे. त्या घराला रस्ता देण्याची इच्छा अगदीच नाही असेही नाही. चारपैकी दोन कलमे वाचतील अशी दुसरी आखणी त्यांनी सुचवली होती, आणि ती सभेपुढे गेलीच नाही.

उत्तर : एका मुंबई मंडळाचा माजी चिटणीस

ही सभा कशी होते ते मी आतून पाहिले आहे, म्हणून लिहितो. गिरणगावातील आमच्या खोलीत, दहा बाय बाराच्या जागेत चाळीस माणसे बसत. गावात प्रत्यक्ष राहणारे त्यांत दोघे-तिघेच असत. बाकीचे गणपती आणि शिमग्याला जाणारे चाकरमानी. गावातील शेजाऱ्याशी बोलणे बंद केल्याने ज्यांचे काहीच अडत नाही, ते सर्वांत मोठ्याने बोलत. गावाहून आलेला माणूस बहुधा गप्प असे, कारण परत जाऊन राहायचे त्यालाच होते. आम्ही एका घरावर असा निर्णय घेतला तेव्हा इतिवृत्तात "गावाच्या शिस्तीबाबत चर्चा झाली" एवढेच लिहिले होते. ते वाक्य माझ्या अक्षरातील आहे.

तो निर्णय मागे कसा घेतला गेला, ते आपल्याला उपयोगी पडेल. ठाण्याच्या एका तरुण अधिकाऱ्याने गुन्हा दाखल करण्यापूर्वी मंडळाच्या नऊ पदाधिकाऱ्यांना त्यांच्या मुंबईच्या पत्त्यांवर स्वतंत्र नोटिसा पाठवल्या. गावच्या पत्त्यावर एकही पाठवली नाही. नऊ जणांपैकी सहा जण पालिका, बँक किंवा सरकारी नोकरीत होते आणि एकाचे निवृत्तिवेतन मंजुरीच्या टप्प्यावर होते. देवाचा कौल, गावाची रीत, पूर्वजांचा शब्द, हे सगळे ज्या तोंडांनी सांगितले जात होते, तीच तोंडे पुढच्या रविवारी "प्रकरण वाढवण्यात अर्थ नाही" असे म्हणू लागली. महिन्याभरात गावाला फोन गेला. त्या घराची आणि गावाची मने जुळली असे मी म्हणणार नाही, परंतु पालखी थांबली आणि दुकानात सामान मिळू लागले.

उत्तर : सिंधुदुर्गातील पोलीस पाटील

वकीलसाहेबांचे सर्व बरोबर असेल, पण आपण एकटीने पुढे होऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन. मानधन 2024 मध्ये 6,500 वरून 15,000 झाले म्हणून आपण पोलीस झालो नाही. आपल्याला ना वसाहत आहे, ना बदली. हवालदार तीन वर्षांनी दुसरीकडे जातो, आपण त्याच विहिरीवर पाणी भरतो. आमच्याकडे रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्यांचे यांत्रिक नौकावाले) यांच्यात जेटीवर बाचाबाची झाली, तेव्हा मी ठाण्याला नावानिशी कळवले. पुढच्याच आठवड्यात माझ्या भावाची जाळी रात्रीत फाडली गेली, आणि वर माझ्या फेरनेमणुकीच्या वेळी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे माझ्याविरुद्ध अर्जही गेला. नेमणूक टिकली, जाळ्यांची भरपाई झाली नाही.

तरीही 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमात गावाची स्थिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना वेळोवेळी कळवत राहणे हे आपले कर्तव्य म्हणून सहाव्या कलमात लिहिलेले आहे. उद्या त्या घरात काही बरेवाईट झाले, तर पहिला प्रश्न आपल्याला विचारला जाईल आणि "गावात शांतता आहे" ही ओळ आपल्याच सहीखाली सापडेल. म्हणून आरोप करू नका, नावे लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच तारखेसह लिहा. शेजारच्या दोन-तीन गावांच्या पोलीस पाटलांना सोबत घेऊन मासिक बैठकीत विषय तोंडी काढा, म्हणजे तो तुमच्या एकटीचा राहणार नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे वाचून या महिन्याच्या अहवालात मी पुढील मजकूर लिहिला आहे : "शिमगोत्सवात ग्रामदेवतेची पालखी एका कुटुंबाच्या अंगणात प्रथेप्रमाणे थांबली नाही. सदर कुटुंबास दळण, किराणा व शेतमजूर मिळण्यात अडचण येत असल्याचे मी समक्ष पाहिले आहे. वादाचे मूळ कारण देवळाकडील रस्ता हे असून त्याबाबत दुसरी आखणी सुचवण्यात आलेली आहे. तहसीलदार स्तरावर बैठक होणे आवश्यक वाटते." पदाधिकाऱ्यांच्या मुंबईच्या पत्त्यांचा कागद वेगळा तयार केला आहे. तो साहेबांनी मागितला तरच देईन. चुलत दिराला अजून विचारलेले नाही.

एकच शंका उरली आहे. अहवालाची पोच ठाणे अंमलदाराकडून घ्यावी, की तहसील कार्यालयाच्या आवक शाखेतून?

निवृत्त सहायक फौजदार

दोन्हीकडून घ्या, ताई. तहसीलची आधी घ्या आणि तिचा आवक क्रमांक ठाण्याच्या प्रतीवर वरच्या कोपऱ्यात लिहून मगच ती ठाण्यात द्या.